समुद्रात तारली किती, हे नेमके कोणाला दिसते?

पणजीच्या मासळी बाजारात गेली काही वर्षे आपण सगळेच एक प्रश्न विचारतो. तारली आहे का, आणि असली तर कशी दिली? कधी "आयज तारले नात" असे उत्तर मिळते, कधी टोपली भरून तारली असते पण बोटाएवढी, अंगात चरबी नसलेली. ज्या माशाला आपल्या घरात पाहुण्यांपुढे वाढण्याचा मान कधी नव्हता, जो परसातल्या माडांना खत म्हणूनही घातला जायचा, त्याची अशी चौकशी करावी लागेल असे आपल्या आजीला सांगितले असते तर ती हसली असती.

बाजारातल्या या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न आहे आणि तो आता राजकारणाचा झाला आहे. समुद्रात मासे आहेत किती? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यातल्या मासेमारीसाठी नवे नियम जाहीर केले. यांत्रिक बोटींना ऑनलाइन प्रवेश परवाना घ्यावा लागेल, पारंपरिक छोट्या होड्यांना तो लागणार नाही. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढणे या गोष्टींवर बंदी आहे. २०१७ सालच्या केंद्राच्या आदेशातही ती होतीच, आणि ती कितपत पाळली गेली हे गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पण या नियमांतल्या दोन गोष्टींकडे वर्तमानपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. माशांच्या जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवायचा आणि मच्छीमारांना सोबत घेऊन व्यवस्थापन आराखडे तयार करायचे, असे त्यांत म्हटले आहे.

आराखडा म्हटला की आकडा लागतो. तो आपल्याकडे कुठून येतो आणि कुठून यायला हवा, याची चर्चा गोव्यात जवळजवळ होत नाही. चर्चा होते ती एलईडीची, पर्ससीनची, बंदीच्या तारखांची. ती व्हायलाच हवी. पण ज्या यंत्राने ही सगळी भांडणे वेगळ्या पातळीवर नेली आहेत, ते बोटीच्या केबिनमध्ये शांतपणे चालू असते आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. ते यंत्र म्हणजे सोनार. नावावर जाऊ नका, दागिन्यांशी याचा संबंध नाही. आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारे हे यंत्र आहे.

मळीमच्या जेटीवर एका बोटमालकाने मला त्याच्या बोटीवरचा पडदा दाखवला होता. निळ्या पार्श्वभूमीवर खाली तळाची जाड रेघ आणि मध्ये कुठेतरी लाल-पिवळे डाग. "लाल दिसलं की जाळं टाकायचं," तो म्हणाला. मी विचारले, तारली की बांगडा ते कसे कळते? "डाग कुठं आहे, कसा आहे, त्यावरून अंदाज येतो. मोठी आहेत की पिल्लं, ते मात्र जाळं वर आल्यावर." या तीन वाक्यांत या शास्त्राची ताकद आणि त्याची अडचण, दोन्ही येऊन जातात.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो. तीस मीटर खोलीवरच्या माशाला आपटून तो परत यायला एका सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून खोली कळते आणि आवाज किती जोराने परत आला त्यावरून तिथे काय आहे याची कल्पना येते. बोटीच्या बुडातून सरळ खाली आवाज सोडणाऱ्या यंत्राला इको-साउंडर म्हणतात, तर चहूबाजूंना तिरपा आवाज सोडून लांबचा थवा शोधणाऱ्याला सोनार. आपल्या जेट्यांवर या दोन्हींना मिळून 'फिशफाइंडर' हाच शब्द चालतो.

गंमत अशी की माशाचे मांस आवाजाला जवळजवळ पाण्यासारखेच असते. आवाज त्यातून फारसा न अडखळता निघून जातो. प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. ज्या माशांना ही पिशवी असते त्यांच्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिच्यामुळे असतो. म्हणजे पडद्यावर आपण मासा पाहत नसतो, माशाच्या पोटातला हवेचा बुडबुडा पाहत असतो. सगळ्या माशांना ही पिशवी नसते. उत्तर अटलांटिकमधला मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, पिशवीशिवायचा. त्यामुळे नेहमीच्या ३८ किलोहर्ट्झच्या आवाजाला तो अगदी क्षीण उत्तर देतो आणि २०० किलोहर्ट्झला त्यामानाने जोरात. तिथलाच हेरिंग, जो आपल्या तारलीच्या नात्यातला, तो पिशवीवाला असल्याने ३८ ला चांगलाच वाजतो. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी नेमक्या याच फरकाचा उपयोग केला. एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या पट्टीतले आवाज सोडायचे आणि कोणत्या पट्टीला किती उत्तर आले याची तुलना करायची. थवा कोणाचा आहे हे जाळे न टाकताच बऱ्याच अंशी कळते. भजनात एखादा आवाज कोणाचा हे आपण न पाहता ओळखतो, तसेच काहीसे.

याची सुरुवात फार जुनी आहे. १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळ अंडी घालायला आलेल्या कॉड माशांचे इको-साउंडरवर उमटलेले चित्र 'नेचर' या नियतकालिकात छापले. मासे ठरावीक खोलीवर पातळ थर करून उभे आहेत हे त्यात स्पष्ट दिसत होते. त्याच काळात इंग्लंडमधले हेरिंग पकडणारे काही तांडेल तळ मोजायला घेतलेल्या यंत्रावर मासे शोधू लागले होते. संशोधक आणि मच्छीमार या दोघांच्या हातात हे यंत्र जवळजवळ एकाच वेळी आले, हे लक्षात ठेवा. पुढे मुद्दा येणार आहे.

मग दुसरे महायुद्ध आले. पाणबुड्या शोधणाऱ्या अमेरिकी नौदलाला खोल समुद्रात मध्येच एक 'तळ' दिसू लागला, जो दिवसा खाली जाई आणि रात्री वर येई. तो तळ नव्हताच; खोल पाण्यातल्या छोट्या माशांचा आणि कोळंबीसारख्या जिवांचा तो थर होता, रात्री अन्नासाठी वर येणारा. आपल्या अरबी समुद्रातही असा थर आहे आणि तो भला मोठा आहे.

या शतकातली एक गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस मॅक्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटीखालचा चिंचोळा पट्टा पाहण्याऐवजी कमी पट्टीचा आवाज आडवा सोडून हजारो चौरस किलोमीटर समुद्र एका दमात पाहण्याची पद्धत बसवली. तिच्यामुळे २००३ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे सुमारे दोन कोटी माशांचा, मॅनहॅटन बेटाएवढा थवा दिसला. पुढे जॉर्जेस बँकजवळ अंडी घालायला जमणाऱ्या हेरिंगचे निरीक्षण झाले आणि २००९ मध्ये त्याचा अहवाल 'सायन्स'मध्ये आला. दिवसभर मासे विखुरलेले असतात. संध्याकाळी त्यांची दाटी एका मर्यादेला, चौरस मीटरला ०.२ मासा, म्हणजे पाच चौरस मीटरमागे एक मासा इतकी झाली की एकदम साखळी सुरू होते. एकत्र येण्याची लाट पसरते, आणि कुठलाही मासा पोहू शकेल त्याच्या कितीतरी पट वेगाने. काही तासांत पंचवीस कोटी मासे चाळीस किलोमीटर लांब थव्यात गोळा होतात आणि अंधारात उथळ पाण्याकडे निघतात.

मला यात जे महत्त्वाचे वाटते ते असे. मर्यादेच्या खाली दाटी गेली तर थवाच बनत नाही. म्हणजे मासे निम्मे झाले तर थवा निम्मा होईल असा हिशोब इथे चालत नाही. एका बिंदूपर्यंत सगळे ठीक दिसते, आणि मग काहीच नाही. तारली, बांगडा, मोतके हे सगळे थव्याने राहणारे मासे. त्यांच्याबाबत ही शंका मनात ठेवूनच आपल्याकडचे आकडे वाचायला हवेत.

आपल्याकडचे आकडे येतात कुठून? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, म्हणजे कोचीची सीएमएफआरआय, देशभरातल्या उतराई केंद्रांवर नमुने घेऊन कोणत्या जातीचे किती मासे किनाऱ्यावर उतरले हे मोजते. अनेक दशके, न थकता. जगात इतक्या जाती, इतक्या बोटी आणि इतका लांब किनारा असलेल्या फार थोड्या देशांनी हे इतके सातत्याने केले असेल. या कामाबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचे लिहितो आहे. ही मोजणी किनाऱ्यावर आलेल्या माशांची आहे. समुद्रात राहिलेल्या माशांची नाही.

केरळचे उदाहरण घ्या. २०१२ मध्ये तिथे सुमारे चार लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये उतरली ३,२९७ टन. शंभरातला एकही भाग उरला नाही. मग २०२३ मध्ये पुन्हा सुमारे १.३८ लाख टन. नंतर तारली भरपूर झाली पण आकाराने खुरटी आणि अंगाने बारीक. एकदम संख्या वाढल्याने अन्न पुरेनासे झाले, असे स्पष्टीकरण सीएमएफआरआयने दिले. आपल्या बाजारातली बोटाएवढी तारली पाहताना मला हेच आठवते. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याला मासा जेटीवर आल्यावर, किंवा न आल्यावर, कळली. पाऊस, वारे, तळाचे थंड पाणी वर येणे, एल निनो या सगळ्यांचा यात हात आहे आणि केवळ मासेमारीला दोष देणे चूक ठरेल. पण थवे समुद्रात असतानाच कोणी पद्धतशीर पाहिले असते, तर २०२१ च्या आधीच्या हंगामात काही सांगता आले असते का, हा प्रश्न उरतोच.

आता तो मघाचा मुद्दा. यंत्र संशोधक आणि मच्छीमार या दोघांच्या हाती आले; आपल्याकडे ते प्रत्यक्षात मच्छीमाराच्याच हाती राहिले. यातून एक फसगत होते. पूर्वी समुद्रात मासे कमी झाले की तांडेलाला थवा सापडायला वेळ लागायचा, जाळी रिकामी यायची, उतराई घटायची. उतराईचा आकडा म्हणून काहीतरी खरे सांगायचा. बोटीवर सोनार आले की उरलेला थवादेखील सापडतो. दहा थव्यांपैकी तीन उरले तरी बोट त्या तिनांवर बरोबर जाते आणि जाळे भरून येते. उतराई टिकून राहते, साठा मात्र खाली जात असतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉडच्या बाबतीत असेच घडले. मोठ्या ट्रॉलरांच्या जाळ्यांत बराच काळ मासा भरपूर येत राहिला, त्यावर विसंबून अंदाज वर राहिले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांवर लोकांचे काम गेले. गावेच्या गावे रिकामी झाली, आणि पाचशे वर्षे चाललेला धंदा संपला.

मी गोव्याची तुलना न्यूफाउंडलंडशी करत नाही. तारली कॉडसारखी पंधरा-वीस वर्षे जगत नाही. दोन-तीन वर्षांत तिचा खेळ आटोपतो, त्यामुळे ती पडते लवकर आणि सावरतेही लवकर. सीएमएफआरआयच्या २०२२ च्या अभ्यासात देशातल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष आहे, तोही विसरता येणार नाही. तरी पकडणाऱ्याला दिसते आणि मोजणाऱ्याला दिसत नाही, ही स्थिती कोणत्याही समुद्रात धोक्याचीच.

आणि आपल्याकडे हे कधी झालेच नाही असेही नाही. सत्तरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने, नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या सहभागाने, कोचीहून एक मोठा प्रकल्प चालला. त्याच्या दोन संशोधन नौकांची नावे होती 'रास्ट्रेलिगर' आणि 'सार्डिनेला'. पहिले बांगड्याचे शास्त्रीय नाव, दुसरे तारलीचे. रत्नागिरीपासून तुतिकोरीनपर्यंतचा किनारा या नौकांनी इको-साउंडर लावून पुन्हा पुन्हा पालथा घातला. म्हणजे आपल्या हरमल, कळंगुट, कोलव्यासमोरूनही त्या गेल्या असणार. मोतक्यांसारख्या छोट्या माशांचे साठे पकडीच्या मानाने मोठे आहेत, हे त्या पाहणीतून पुढे आले. समुद्रातल्या माशांकडे थेट पाहणारी एवढी सलग पाहणी या किनाऱ्यावर झाली, त्याला पन्नास वर्षे होत आली. १९८४ साली आलेली 'सागर संपदा' ही संशोधन नौका आहे, तिच्यावर ध्वनियंत्रेही आहेत, पण तिच्यावर हिंदी महासागराच्या कितीतरी कामांचा भार आहे. दरवर्षी, त्याच मार्गाने, त्याच महिन्यांत होणारी पाहणी ही वेगळी गोष्ट.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मच्छीमारांना 'संभाव्य मासेमारी क्षेत्रा'चे सल्ले येतात. अनेकांना वाटते की उपग्रह मासे बघतो. उपग्रह बघतो समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य. त्यावरून मासे कुठे जमण्याची शक्यता आहे हे सांगता येते. किती आहेत, हे नाही. उपयुक्त सेवा आहे, डिझेल वाचते. पण तीही पकडणाऱ्याच्या सोयीची, मोजणाऱ्याच्या नव्हे.

मोजायचे ठरवले तर काय करता येते हे पाहायला पेरूकडे पाहावे लागते. तिथे अँकोव्हेटा नावाचा मासा आहे, आपल्या मांदेलीच्या कुळातला. १९७० मध्ये पेरूने त्याची सव्वा कोटी टनांच्या आसपास पकड केली, जगातली एका जातीची सर्वांत मोठी मासेमारी. मग एल निनो आला आणि १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्याही खाली गेली. त्या धक्क्यातून तो देश शिकला. आज तिथली सरकारी सागरी संस्था, इमार्पे, हंगामाआधी संशोधन नौका पाठवून ध्वनीने साठा मोजते आणि त्यावरून त्या हंगामाचा कोटा ठरतो. २०२३ मध्ये पाहणीत आणि चाचणी मासेमारीत पिल्लांचे प्रमाण फार आढळले, तेव्हा उत्तर-मध्य भागातला पहिला हंगाम सरकारने चक्क रद्द केला. केवढे नुकसान झाले असेल याची कल्पना करा. जगाच्या मत्स्यभुकटीचा बाजार त्याने हलला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पहिल्या हंगामासाठी २४.७५ लाख टनांचा कोटा मिळाला. तिथेही कारखानदार आणि शास्त्रज्ञांचे वाद होतातच. फक्त दोन्ही बाजूंच्या पुढ्यात एकच आकडा असतो आणि वाद त्या आकड्यावर होतो.

आपल्याकडे ते तसेच्या तसे चालेल का? नाही, आणि याची कारणे तांत्रिक आहेत. पेरूच्या थंड पाण्यात थवा म्हणजे बहुतेक अँकोव्हेटाच. आपल्या उष्ण समुद्रात तारलीच्या शेजारी बांगडा, खाली बाळा, मध्ये मोतके, वर जेलीफिश. आणि जेलीफिशही काही वेळा पडद्यावर डाग पाडते. थवा ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ त्याची लांबी, उंची, खोली, कडा ठळक की विरळ, तळापासूनचे अंतर, दिवसाची वेळ अशा अनेक खुणा मोजतात. तारलीसारखे मासे दिवसा घट्ट थवा करतात आणि रात्री सैल होतात, म्हणून एकाच थव्याची दुपारची आणि मध्यरात्रीची चित्रे वेगळी. त्यातच तारली येते उथळ पाण्यात, अगदी पृष्ठभागाजवळ, आणि बोटीच्या बुडाखालच्या यंत्राला वरचे काही मीटर दिसतच नाहीत. बोट जवळ आली की थवा बाजूलाही होतो. पावसाळ्यात, जेव्हा पाहायला हवे तेव्हाच, समुद्र खवळलेला असतो.

या वर्गीकरणात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. नॉर्वेत उत्तर समुद्रातल्या सँडईल या हवेची पिशवी नसलेल्या छोट्या माशाचे थवे ओळखायला संगणकाला अनेक वर्षांच्या पाहण्यांतली चित्रे दाखवून शिकवले गेले. संगणक शिकला, कारण माणसांनी आधी वर्षानुवर्षे प्रत्येक थव्यावर नाव लिहून ठेवले होते आणि ते नाव लिहिण्याआधी जाळे टाकून खात्री केली होती. हा कष्टाचा भाग कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर फुकट मिळत नाही. आपल्या समुद्रासाठी कोणीतरी आधी तारलीचा प्रतिध्वनी तारलीचाच आहे हे जाळे टाकून, मोजपट्टी लावून सिद्ध करायला हवे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली मायक्रोफोन सोडून माशांचे स्वतःचे आवाज नोंदवले आहेत, मासे संध्याकाळी सुरात घोळक्याने आवाज करतात हे दाखवले आहे. ध्वनीने समुद्रतळ ओळखण्याचे तिथले काम तर जुनेच. म्हणजे माणसे आणि विद्या इथे आपल्या दारात आहे.

मग नौका कुठून आणायच्या? पेरूचाच एक धडा कामाला येईल. १९६६ पासून तिथे 'युरेका' नावाची मोहीम झाली: एकाच वेळी अनेक मासेमारी बोटी ठरवलेल्या समांतर मार्गांनी समुद्रात जायच्या, आपल्याच इको-साउंडरने नोंदी करायच्या, शास्त्रज्ञ त्यांवर बसलेले. एक-दोन दिवसांत सगळ्या किनाऱ्याचे चित्र तयार. गोव्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी जेटीला बांधलेल्या असतात. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदम जाळी टाकायला धावण्याआधी, समुद्र जरा शांत होताच, मळीम, खारीवाडा, कुटबण आणि शापोरा इथल्या काही बोटींनी ठरलेल्या रेषांवर एक फेरी मारली, डिझेल सरकारने दिले आणि यंत्राचे मोजमाप दोना पावलाच्या लोकांनी आधी जुळवून दिले, तर काय अशक्य आहे? पहिल्या वर्षी आकडा कच्चा येईल. पाचव्या वर्षी तो पाच वर्षांचा कल असेल.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. रापणकारांकडून आलेला पहिला असा की थवे कुठे आहेत ते नकाशावर उघड केले की मोठ्या बोटी तिथेच तुटून पडतील. खरे आहे. म्हणून जागेचा तपशील उशिरा आणि ढोबळ द्यावा, एकूण साठ्याचा अंदाज मात्र लगेच जाहीर करावा. बोटमालकांचा दुसरा: आमच्या नोंदी आमच्याचविरुद्ध वापरल्या जातील. यातही तथ्य आहे, आणि नुसत्या आश्वासनाने तो संपणार नाही. पण किमान आकाराचा नियम येणार हे आता ठरले आहे. केरळने २०१५ पासून तारलीला १० सेंटिमीटर आणि बांगड्याला १४ सेंटिमीटर अशी मर्यादा लावली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी आकार ठरवले. जाळे वर आल्यावर पिल्ले निघाली तर दंड बसणार आणि समुद्रात परत टाकलेली पिल्ले बहुधा मेलेलीच असणार. नॉर्वेत जाळे आवळण्याआधीच थव्यातल्या माशांचा आकार ध्वनीने ओळखण्याचे प्रयत्न याच कारणासाठी चालू आहेत. आकार आधी कळला तर त्याचा सर्वांत मोठा फायदा बोटमालकालाच.

रापणकारांची बाजू मला इथे वेगळी नोंदवावीशी वाटते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ट्रॉलरांविरुद्ध त्यांनी केलेले आंदोलन आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक होड्यांसाठी राखण्याचा नियम त्यातूनच आला. तेव्हापासून ते सांगत आले आहेत की मासा किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच उचलला जातो. दरवेळी त्यांना उत्तर मिळते की पुरावा काय? राज्याची एकूण उतराई तर घटलेली नाही. वर सांगितले तेच: एकूण उतराई हा या तक्रारीवरचा पुरावा होऊ शकत नाही, कारण थवा किनाऱ्यापासून कुठे पकडला गेला हे ती सांगत नाही. किनाऱ्याला समांतर आणि काटकोनात मारलेल्या फेऱ्यांमधून ते कळू शकते. कदाचित रापणकार बरोबर ठरतील. कदाचित असेही दिसेल की मासा पाणी तापल्यामुळे खोल गेला आहे आणि दोष शेजाऱ्याचा नाही. दोन्हींपैकी काहीही निघाले तरी पन्नास वर्षे शब्दाला शब्द देत चाललेले भांडण पुढे सरकेल.

केंद्राचे नियम १२ सागरी मैलांच्या पलीकडचे आहेत, अलीकडचा समुद्र राज्याचा. तारलीला ही रेघ माहीत नाही; ती बहुतेक राज्याच्याच हद्दीत असते. म्हणून आराखडा दिल्लीत होईल आणि आपण वाचू, असे म्हणून चालणार नाही. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिघांचा थवा एकच आहे, तर पाहणीही एकत्रच हवी. मालवणात पर्ससीनवरून जे वाद पेटतात त्यांतली बोट कधी इकडची असते, कधी तिकडची. मासा मात्र तोच.

त्या बोटमालकाला मी शेवटी विचारले होते, की पडद्यावर दिसलेले सगळे कुठे साठवून ठेवता का? त्याने यंत्राच्या बाजूचे झाकण उघडून दाखवले. मेमरी कार्ड घालायची खाच होती, रिकामी. गेल्या सहा हंगामांत कोणी ते मागितलेच नाही, असे तो म्हणाला.